परक्या वायूची साक्ष

चित्रपटगृहातील दिवे मालवले जातात, कुजबुज थांबते आणि प्रेक्षकांच्या डोक्यांवरून प्रकाशाचा एक झोत पडद्यावर जाऊन आदळतो. कार्बनच्या कांड्या जाळून हा झोत निर्माण करण्याची जुनी पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली आणि तिची जागा एका वायूने भरलेल्या दिव्याने घेतली. लेसर प्रोजेक्टर येईपर्यंत अनेक दशके जगभरातील पडदे याच दिव्याने उजळले. हा वायू म्हणजे झेनॉन.

रंग नाही, वास नाही, चव नाही. जळत नाही, गंजवत नाही, इतर कोणाशी सहजी संयोगही पावत नाही. अशा वायूचा मानवाला काय उपयोग, असा प्रश्न कोणालाही पडावा. वस्तुतः त्याच्या या अलिप्ततेतच त्याचे मोल दडलेले आहे. उपग्रहांची कक्षा सांभाळणे, शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला गुंगी देणे, फुप्फुसांच्या आतील दोष दाखवणे ही कामे तो करतोच. परंतु त्याचे सर्वांत कमी परिचित असलेले काम अधिक विलक्षण आहे. धातूच्या पृष्ठभागावर, अणूंच्या पातळीवर काय दडले आहे, याची तो विश्वासार्ह साक्ष देतो.

हवेतून वेचलेला 'परका'

झेनॉनचा शोध लागला जुलै १८९८ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. सर विल्यम रॅम्से आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी त्या काही आठवड्यांत हवेतून एकामागून एक नवी मूलद्रव्ये शोधून काढण्याचा धडाकाच लावला होता. पद्धत सोपी वाटावी अशी होती. हवा थंड करून द्रवरूप करायची आणि नंतर ती हळूहळू उकळू द्यायची. प्रत्येक घटक आपापल्या तापमानाला वायू होऊन निघून जातो. मे महिन्यात क्रिप्टॉन हाती लागला, जूनमध्ये निऑन. क्रिप्टॉन काढून घेतल्यावर जो अल्पसा अवशेष उरला, तो निर्वात नळीत भरून त्यातून वीज सोडण्यात आली. नळी सुंदर निळ्या प्रकाशाने उजळली आणि त्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. 'परका' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव झेनॉन ठेवण्यात आले. हवेतील निष्क्रिय वायूंच्या शोधाबद्दल रॅम्से यांना १९०४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधकांचा भारताशी जडलेला संबंध फारसा कोणाच्या लक्षात नसतो. मुंबईचे उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी उच्च संशोधनासाठी संस्था उभारण्याचे ठरवले, तेव्हा सल्ल्यासाठी १९०० मध्ये रॅम्से यांना भारतात पाचारण करण्यात आले. देशाचा दौरा करून त्यांनी बंगळूरची शिफारस केली. पुढे तेथे उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले संचालक झाले ते मॉरिस ट्रॅव्हर्स. १९०६ ते १९१४ या काळात त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. म्हणजे झेनॉन प्रथम पाहणाऱ्या दोघांपैकी एकाने संस्थेची जागा सुचवली आणि दुसऱ्याने तिची घडी बसवली.

झेनॉन किती विरळ आहे, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे २८ हजार लिटर हवा मावते. त्यात झेनॉन असतो जेमतेम अडीच मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर एक लिटर झेनॉन मिळवण्यासाठी सुमारे १ कोटी १५ लाख लिटर हवा गाळावी लागते. केवळ झेनॉनसाठी एवढा खटाटोप कोणालाही परवडणारा नाही. यास्तव पोलाद कारखान्यांना लागणारा ऑक्सिजन हवेपासून वेगळा करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत तो उपउत्पादन म्हणून गोळा केला जातो. ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, झेनॉन उणे १०८ अंशांना. त्यामुळे द्रवरूप ऑक्सिजनमध्ये तो मागे साचत जातो.

निष्क्रिय, पण कितपत?

आवर्त सारणीत झेनॉनचा क्रमांक ५४. हीलियम, निऑन, अरगॉन आणि क्रिप्टॉन यांच्या खालोखाल तो येतो. अणुवस्तुमान सुमारे १३१. तो हवेच्या तुलनेत साडेचार पटींहून जड आहे. त्याच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात आणि ते कवच पूर्ण असल्यामुळे त्याला ना इलेक्ट्रॉन देण्याची गरज, ना घेण्याची. या कुळातील वायू कधीच संयुगे बनवत नाहीत, असे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून शिकवले जात होते. लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्ये झेनॉन फ्लोरिनशी संयोग पावू शकेल असे भाकीत केले होते. परंतु ते प्रयोगाने सिद्ध झाले नव्हते.

हा समज मोडीत निघाला १९६२ मध्ये. कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम करणाऱ्या नील बार्टलेट यांच्या लक्षात आले, की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड हा लालसर वायू ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. त्यांनी आकडे ताडून पाहिले. ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, जवळपास तेवढीच झेनॉनच्या अणूतून काढायला लागते. मग जे ऑक्सिजनच्या बाबतीत घडले ते झेनॉनच्या बाबतीत का घडू नये? दोन वायू एकत्र येताच पात्रात पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमा झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लोरिन यांचे साधे संयुगही तयार झाले आणि 'निष्क्रिय' हे विशेषण सापेक्ष ठरले.

झेनॉन आपल्या कुळातील इतर वायूंपेक्षा थोडा मऊ का, याचे कारण त्याच्या आकारात आहे. अणू मोठा असल्यामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर असतात आणि त्यांच्यावरील पकड सैल असते. शेजारी विद्युतभार आला की हे इलेक्ट्रॉनांचे आवरण किंचित कलते. एवढ्या कलण्यानेही दुबळे आकर्षण निर्माण होते. सामान्य तापमानाला ते नगण्य असते. परंतु कडाक्याच्या थंडीत तेच आकर्षण झेनॉनच्या अणूला धातूच्या पृष्ठभागावर टेकवून ठेवण्यास पुरेसे ठरते. पृष्ठभागाच्या अभ्यासाचे दार येथून उघडते.

पृष्ठभागाचे कोडे

एखाद्या वस्तूच्या पृष्ठभागाला एवढे महत्त्व देण्याचे कारण काय? लोखंड गंजते ते पृष्ठभागावरून. संगणकाच्या चिपमध्ये विजेचे व्यवहार अतिशय पातळ थरांच्या सीमेवर चालतात. मोटारीच्या धुराड्यात बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर प्लॅटिनमसारख्या धातूच्या पृष्ठभागावर होते. शेतात पडणाऱ्या युरियासाठी लागणारा अमोनिया लोखंडाच्या पृष्ठभागावर तयार होतो. या क्रिया पृष्ठभागावर नेमक्या कशा घडतात, हे उलगडून दाखवल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांना २००७ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तथापि, पृष्ठभाग पाहणे सोपे नाही. आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातूही अणूंच्या पातळीवर पायऱ्यापायऱ्यांचा असतो. मधे सपाट पठारे, त्यांच्या कडांना एका अणूच्या उंचीच्या पायऱ्या, कुठे एखादा अणू निसटल्यामुळे पडलेला खड्डा, तर कुठे परक्या धातूचा अणू. रासायनिक क्रिया अनेकदा पठारावर मंद आणि पायरीच्या कडेवर वेगाने चालते. तेव्हा उत्प्रेरक चांगला की वाईट, हे ठरवण्यासाठी अशा जागा किती आणि त्यांचा स्वभाव कसा, हे कळावे लागते.

यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका महत्त्वाच्या पद्धतीचे तत्त्व प्रकाशविद्युत परिणामात आहे. ज्ञात ऊर्जेचा प्रकाश पृष्ठभागावर पडला की अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. उडालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली आणि ती प्रकाशाच्या ऊर्जेतून वजा केली, की तो इलेक्ट्रॉन अणूत किती घट्ट बांधलेला होता हे समजते. अशा असंख्य इलेक्ट्रॉनांची नोंद आलेखावर मांडली की शिखरांची एक रांग उभी राहते. हाच त्या पृष्ठभागाचा इलेक्ट्रॉन वर्णपट. खोलवरच्या अणूंतून निघालेले इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात. त्यामुळे नोंदवले जातात ते मुख्यत्वे वरच्या मोजक्या थरांतले. क्ष-किरण वापरून केल्या जाणाऱ्या अशा वर्णपटमापनाचा पाया घालणारे स्वीडनचे काय सीगबान यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. क्ष-किरणांऐवजी अतिनील प्रकाशही वापरता येतो. तो बहुधा हीलियमच्या दिव्यातून मिळवला जातो.

या मोजमापासाठी कमालीची निर्वात पोकळी लागते. हवेचा दाब एक अब्जांशापर्यंत खाली आणला, तरी उरलेले रेणू स्वच्छ पृष्ठभागाला साधारण एका सेकंदात झाकून टाकू शकतात. त्यामुळे पोकळीतील दाब त्याहूनही हजारो पटींनी कमी ठेवावा लागतो.

झेनॉनची साक्ष

एवढी सिद्धता करूनही एक अडचण उरतेच. प्रकाशाचा झोत पृष्ठभागावरील कोट्यवधी अणूंवर एकाच वेळी पडतो. पठारावरचे इलेक्ट्रॉन आणि पायरीवरचे इलेक्ट्रॉन एकाच गर्दीत येतात. सरासरी कळते, जागेचा स्वभाव कळत नाही. १९७९ मध्ये एर्टल आणि त्यांचे सहकारी क्युपर्स व वांडेल्ट यांनी या अडचणीवर झेनॉनचा उतारा सुचवला. पुढे क्लाउस वांडेल्ट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत विकसित केली.

कल्पना अशी. स्वच्छ धातूचा तुकडा उणे १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याखाली थंड करायचा आणि पोकळीत झेनॉनचा अगदी थोडा वायू सोडायचा. अणू पृष्ठभागावर अलगद येऊन बसतात. धातूशी ते रासायनिक बंध करत नाहीत, त्यामुळे पृष्ठभागाचे मूळ रूप फारसे बिघडत नाही. आता अतिनील प्रकाश टाकून झेनॉनच्याच बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन मोजायचे.

यातले मर्म एका साध्या दृष्टान्ताने समजेल. अंधारात उंचसखल जमिनीवर अगदी सारख्या उंचीची मुले उभी केली आणि केवळ त्यांच्या डोक्यांची पातळी मोजली, तर जमीन न पाहताही तिचे चढउतार सांगता येतील. झेनॉनचे अणू म्हणजे ही सारख्या उंचीची मुले. त्यांच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी आपल्या अवतीभवतीच्या विद्युत स्थितीच्या संदर्भात कायम असते. ती विद्युत स्थिती मात्र पठारावर वेगळी, पायरीच्या कडेवर वेगळी आणि परक्या धातूच्या अणूशेजारी आणखी वेगळी असते. त्यामुळे एकाच वायूच्या वर्णपटात एकाऐवजी दोन-तीन शिखरे दिसू लागतात. शिखराची जागा त्या स्थळाचा स्वभाव सांगते आणि शिखराचा आकार अशी स्थळे किती आहेत हे सांगतो.

धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यासाठी जी किमान ऊर्जा मोजावी लागते, तिला वर्क फंक्शन म्हणतात. एरवी ती संपूर्ण नमुन्यासाठी एकच सरासरी संख्या म्हणून मिळते. झेनॉनच्या मदतीने ती जागोजागी, जवळपास अणूच्या आकाराइतक्या अंतरावर जोखता येते. शिवाय झेनॉन ज्या क्रमाने बसतो तोही बोलका असतो. पायरीच्या कडेला त्याला अधिक शेजारी लाभतात, म्हणून तो तेथे अधिक घट्ट बसतो आणि त्या जागा आधी भरतात. पठारांची पाळी नंतर येते. वायू थोडाथोडा सोडत वर्णपट घेतले, की प्रथम कडांचे शिखर उगवते आणि मग पठारांचे. पुढे नमुना हळूहळू तापवला की झेनॉन उडून जातो आणि पृष्ठभाग पूर्ववत मोकळा होतो.

अर्थात या साक्षीलाही मर्यादा आहेत. सगळे मोजमाप अतिशीत तापमानाला आणि निर्वात पोकळीत होते, तर कारखान्यातील उत्प्रेरक उच्च दाबाखाली आणि तप्त अवस्थेत काम करतो. दुसरे असे, की हा साक्षीदारही पूर्णतः तटस्थ नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवलेला चेंडू खळग्यात जाऊन बसावा, तसा झेनॉन धातूच्या अणूंमधील खळग्यात बसत असेल, असे दीर्घकाळ मानले जात होते. प्रत्यक्षात तांबे, पॅलॅडियम, प्लॅटिनम अशा धातूंच्या काही पृष्ठभागांवर तो थेट धातूच्या अणूच्या डोक्यावर बसतो, असे इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या प्रयोगांतून दिसून आले. केवळ दुबळ्या आकर्षणाने याचा उलगडा होत नाही. धातू आणि झेनॉन यांच्या इलेक्ट्रॉनांत थोडीशी देवघेव होते, असे मानावे लागते. बार्टलेट यांनी काचपात्रात जे दाखवले, त्याचाच हा सौम्य प्रत्यय.

३५ अणूंची अक्षरे

पृष्ठभागावर अलगद बसण्याच्या याच गुणामुळे झेनॉनला विज्ञानाच्या इतिहासात आणखी एक मानाचे पान मिळाले. कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत डॉन आयग्लर यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये निकेलच्या पृष्ठभागावर झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि त्यांतून कंपनीच्या नावाची तीन अक्षरे रेखली. तापमान होते उणे २६९ अंश सेल्सिअस. प्रत्येक अक्षराची उंची एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी होती. आयग्लर आणि एर्हार्ड श्वायझर यांचा हा प्रबंध एप्रिल १९९० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. अणू हवा तेथे ठेवता येतो, हे यातून प्रथमच डोळ्यांना दिसले. झेनॉन निवडण्याचे कारण उघड होते. तो सुईच्या टोकाच्या ओढीने सरकण्याइतका मोकळा आणि सोडल्यावर जागीच राहण्याइतका स्थिर होता.

दिव्यापासून अंतराळापर्यंत

झेनॉनमधून वीज सोडली की दाबाखाली तो सूर्यप्रकाशाशी मिळताजुळता पांढराशुभ्र प्रकाश देतो. चित्रपटगृहातील दिव्याखेरीज छायाचित्रकारांचा फ्लॅश आणि महागड्या मोटारींचे निळसर पांढरे हेडलॅम्प ही त्याची ठळक उदाहरणे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी जगातील पहिला लेसर सुरू केला, तोही झेनॉनच्या फ्लॅश नळीने माणकाच्या कांडीवर प्रकाश टाकून. मोटारींत आणि प्रोजेक्टरमध्ये आता एलईडी व लेसर ही जागा घेत आहेत.

अंतराळात मात्र झेनॉनचे महत्त्व वाढले. त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा आणि उरलेला भारित अणू विद्युत क्षेत्राच्या साह्याने प्रचंड वेगाने मागे फेकायचा. यान पुढे सरकते. ढकल अगदी हलकी, पण ती महिनोन्महिने चालू ठेवता येते आणि रासायनिक इंधनाच्या मानाने फारच कमी वस्तुमान लागते. जड अणू, सहज आयनीभवन आणि टाकी वा नळ्या न कुरतडणारा स्वभाव, हे तिन्ही गुण झेनॉनमध्ये एकत्र आहेत. २००७ मध्ये निघालेल्या नासाच्या 'डॉन' यानाने ४२५ किलो झेनॉन सोबत नेला आणि त्या बळावर वेस्टा व सेरीस या दोन खगोलांना प्रदक्षिणा घातल्या. भारताने ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ या दक्षिण आशिया उपग्रहावरही झेनॉनवर चालणारी विद्युत प्रणोदन यंत्रणा होती.

जमिनीखालीही झेनॉनची गरज आहे. अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यात सुमारे दीड किलोमीटर खोल खाणीत १० टन द्रवरूप झेनॉन भरलेली टाकी कृष्णद्रव्याच्या कणांची वाट पाहत आहे. तो कण अद्याप सापडलेला नाही. इटलीतील ग्रान सास्सो येथील अशाच प्रयोगात मात्र २०१९ मध्ये झेनॉन-१२४ या समस्थानिकाच्या ऱ्हासाची नोंद झाली. त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या एक लाख कोटी पटींहून अधिक निघाले.

रुग्णालयात आणि गिरिशिखरावर

रसायनाशी फटकून वागणारा हा वायू मेंदूवर मात्र परिणाम करतो. झेनॉनने माणसाला भूल देता येते, हे १९५१ मध्येच दाखवून देण्यात आले. मेंदूतील एका विशिष्ट ग्राहक प्रथिनाचे काम तो रोखतो. शरीरात त्याचे विघटन होत नाही, रक्तदाब फारसा ढळत नाही आणि वायू बंद केल्यावर रुग्ण लवकर शुद्धीवर येतो. अडचण एकच, ती म्हणजे किंमत. पूर्ण भूल देण्यासाठी श्वासातील वायूत निम्म्याहून अधिक झेनॉन लागतो, त्यामुळे उच्छ्वासातील वायू गोळा करून पुन्हा वापरणारी बंदिस्त यंत्रणा आवश्यक ठरते. युरोपात मान्यता मिळूनही त्याचा वापर मर्यादित राहिला तो याच कारणाने.

फुप्फुसांच्या चित्रणात त्याने अधिक आशा निर्माण केली आहे. लेसरच्या साह्याने झेनॉन-१२९ च्या केंद्रकांना एका दिशेने वळवले, की एमआरआय यंत्रात त्यांचा संकेत हजारो पटींनी बळावतो. रुग्णाने हा वायू एकदा श्वासात घेतला की पुरे. विशेष म्हणजे फुप्फुसाच्या पोकळीतील, पेशीपटलातील आणि रक्तातील झेनॉन वेगवेगळ्या वारंवारतेला बोलतो. धातूच्या पठारावर आणि पायरीवर वेगळे शिखर दाखवणारा वायू येथेही आपण कोठे आहोत ते स्वतःच सांगतो. हवा कोठवर पोचते एवढेच नव्हे, तर ती रक्तात उतरते की नाही हेही त्यावरून कळते. ब्रिटनमधील एका छोट्या अभ्यासात, कोविडनंतर धाप लागणाऱ्या पण सीटी स्कॅन जवळपास निर्दोष असलेल्या रुग्णांमध्ये झेनॉनने हा दोष टिपला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये फुप्फुसांतील वायुविजन तपासण्यासाठी या पद्धतीला मान्यता दिली.

गुण असले की त्यांचा गैरवापरही ओघाने येतो. झेनॉन हुंगल्याने तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाला चालना मिळते, या समजुतीने काही खेळाडू तो वापरत असल्याचे उघड झाल्यावर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१४ मध्ये त्यावर बंदी घातली. मे २०२५ मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहकांनी मोहिमेपूर्वी जर्मनीत झेनॉन घेतला आणि लंडन सोडल्यापासून पाच दिवसांच्या आत एव्हरेस्ट गाठले. त्यावरून वाद उसळला. या गिर्यारोहकांनी घरी आठवडेच्या आठवडे विरळ हवेच्या तंबूत झोपून सरावही केला होता आणि चढाईत कृत्रिम प्राणवायूही वापरला होता. त्यामुळे यशात झेनॉनचा वाटा किती, हे या मोहिमेवरून सिद्ध होत नाही. उंचीवर झेनॉनमुळे कामगिरी सुधारते याला पुरावा नाही, असे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने त्याच वर्षी जानेवारीत स्पष्ट केले होते.

अणुभट्टीतील दुसरा चेहरा

सौम्य वाटणाऱ्या या मूलद्रव्याचा एक समस्थानिक मात्र उग्र आहे. युरेनियमच्या विखंडनातून निर्माण होणारा झेनॉन-१३५ न्यूट्रॉन गिळण्यात विलक्षण तरबेज असतो. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील हॅनफर्डची अणुभट्टी सुरू झाल्यावर काही तासांतच मंदावत जाऊन बंद पडली, त्याचे कारण हाच समस्थानिक होता. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे स्फोट होण्यापूर्वीही त्याच्या साठण्याने भट्टीची शक्ती खाली गेली होती आणि ती वर आणण्याच्या खटपटीत नियंत्रक दांडे प्रमाणाबाहेर बाहेर काढले गेले. भट्टीच्या रचनेतील दोष आणि नियमभंग यांच्या साखळीतील ही एक कडी होती.

याच किरणोत्सारी नातलगांचा जगाला एक उपयोगही होतो. भूमिगत अणुस्फोट झाल्यावर इतर पदार्थ खडकांत अडकून राहतात. झेनॉन कोणाशी बांधला जात नसल्याने फटींतून निसटतो. २००६ मध्ये उत्तर कोरियाने केलेल्या चाचणीचा माग कॅनडातील यलोनाइफ केंद्रावर टिपलेल्या झेनॉन-१३३ वरून लागला होता.

कोणाला किती?

हवा सर्वत्र असली तरी झेनॉन सर्वांना मिळत नाही. त्याचे जागतिक उत्पादन अल्प आहे आणि ते ऑक्सिजन प्रकल्पांच्या गतीवर अवलंबून आहे. मागणी वाढली म्हणून ते लगेच वाढवता येत नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा मारिउपोल आणि ओडेसा येथील वायूशुद्धीकरण थांबले. निऑनबरोबर क्रिप्टॉन आणि झेनॉनच्याही किमती भडकल्या. चिप उद्योग, उपग्रह, प्रयोगशाळा आणि रुग्णालये यांची एकाच सिलिंडरसाठी स्पर्धा लागली, तर हात कोणाचा आखडतो हे वेगळे सांगायला नको. हजारो उपग्रह सोडणाऱ्या स्टारलिंकने आधी क्रिप्टॉन आणि नंतर स्वस्त अरगॉन निवडला, त्यामागे हेच गणित आहे.

येथे झेनॉनचा स्वभावच वाट दाखवतो. तो जळून जात नाही, त्याचे दुसऱ्या कशात रूपांतर होत नाही. भूल देऊन झाल्यावर, चित्रण आटोपल्यावर किंवा पृष्ठभागाची तपासणी संपल्यावर तो जसाच्या तसा शिल्लक असतो. तो पकडून पुन्हा वापरायचा की खिडकीतून सोडून द्यायचा, एवढाच निर्णय माणसाच्या हाती आहे. सोडून दिला, तर तो पुन्हा हवेत मिसळतो आणि एका लिटरसाठी पुन्हा सुमारे १ कोटी १५ लाख लिटर हवा गाळण्याची पाळी येते.